हरणाच्या सोमवारची साक्ष

माझी आत्या बर्नाडीन पेट्रस्का हिने आयुष्यात कधी बंदूक हातात धरली नाही. तरी सरकारी कागदावर ती शिकारीसाठी काम बुडवणारी बाई म्हणून नोंदली गेली. त्यात थोडा दोष माझाही होता, कारण तिचा पहिला अर्ज वाचनालयातल्या संगणकावर मीच टाइप केला होता.

आमच्या टॅनरी रनच्या कारखान्यात लोखंडाची पूड साच्यात दाबून लहान दातेरी चाकं करतात. आत्या तिथं एकतीस वर्षं प्रेसवर होती. ती पूड पिठासारखी मऊ असते, आणि हाताच्या रेषांत एकदा बसली की साबणाला दाद देत नाही. आत्याने तळहात उघडला की सगळ्या रेषा शाईने काढल्यासारख्या दिसायच्या.

डॅरिल एकर्टला प्रेस तिनेच शिकवला. तो अठराव्या वर्षी आला, उंच, घाबरट, कानापर्यंत लाल होणारा. कुठला आवाज ऐकला की हात मागे घ्यायचा हे तिने त्याला शिकवलं, म्हणून त्याची दहाही बोटं शाबूत राहिली. त्याच्या लग्नात इथल्या रीतीप्रमाणे बिस्किटांनी भरलेलं लांब टेबल होतं; त्यातली निम्मी आत्याने भाजली होती. पुढे तो सुपरवायझर झाला तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हाताखालचं पोर माझ्या डोक्यावर बसलं." आणि मनापासून हसली.

हे तेव्हाचं, जेव्हा हरणांचा मोसम अजून नोव्हेंबरअखेरच्या सोमवारी उघडायचा. त्या सोमवारी आमच्याकडे शाळा बंद, न्हावी बंद, आणि कारखान्याचे प्रेसही बंद. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नव्हतं. रजा कोणी मागायचं नाही. उलट आदल्या आठवड्यात हजेरीच्या घड्याळाशेजारी एक कोरा कागद लागायचा, आणि ज्याला त्या दिवशी यायचंच असेल त्याने त्यावर नाव लिहायचं. बहुतेक वर्षी त्यावर एखाद्या बॉयलरवाल्याचं नाव असायचं, नाहीतर कोणीतरी गंमत म्हणून काढलेलं हरणाचं चित्र.

मग एका उन्हाळ्यात कारखाना बाहेरच्या कंपनीने विकत घेतला आणि प्रेस्कॉट नावाचा तरुण व्यवस्थापक आला. त्याचे बूट नेहमी स्वच्छ असत. त्या वर्षी घड्याळाशेजारी कागद लागला नाही. त्या सोमवारच्या आधीच्या बुधवारी, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, आत्याने डॅरिलला विचारलं, "कागद कुठंय रे?"

"यंदा कागद कशाला, बर्नी? येतंय कोण?" डॅरिल म्हणाला.

तिला तेवढं पुरलं.

सोमवारी पहाटे चारला ती नेहमीसारखी गावच्या अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये गेली. तिथं त्या दिवशी सगळ्यांत मोठं हरीण कोण आणतो याची दलाची स्पर्धा असते. आत्या बावीस वर्षं तिथल्या स्वयंपाकघरात घेवड्याचं सूप आणि कोबी-नूडल्सचं हलुष्की करायची. पावणेनऊच्या सुमारास डॅरिल ट्रक घेऊन आला. मागे आठ फाट्यांच्या शिंगांचा नर होता, अंगातून अजून वाफ निघत होती. दलाचा प्रमुख गस याने तो काट्यावर लटकवला, वहीत वजन आणि वेळ लिहिली, डॅरिलने शेजारी सही केली. आत्याने त्याला सुपाचा वाडगा दिला. "बापाच्या वरताण निघालास," ती म्हणाली. तो कानापर्यंत लाल झाला.

गुरुवारी चौघांना पत्रं आली, त्यांत एक आत्याला. चौघंही जुनी, सगळ्यांत जास्त पगाराची माणसं. सोमवारी न कळवता गैरहजर, सबब नोकरी समाप्त. त्या सोमवारी कारखान्यात कुत्रंसुद्धा फिरकलं नव्हतं. पण बाकीच्यांकडून मंगळवारी मागची तारीख घालून रजेचे अर्ज लिहून घेतले होते. या चौघांना कोणी अर्जाचं बोललंच नाही.

असं का, ते मला नंतर समजलं. ज्या कारखान्याची माणसं सरकारकडे बेकारी भत्ता मागतात, त्या कारखान्याचा कर चढतो. माणूस कमी केला तर भत्ता लागू होतो. माणसाने गैरवर्तन केलं म्हणून काढला, तर होत नाही.

आत्या एकोणसाठची होती. पेन्शनला तीन वर्षं बाकी. भत्त्याचे सव्वीस आठवडे मिळाले असते तर हिवाळा निघाला असता आणि उन्हाळ्यात कुठेतरी काम बघता आलं असतं. ती भत्त्याच्या कचेरीला सकाळी आठपासून फोन लावायची. सहा दिवस लाईन व्यस्त. सातव्या दिवशी लागला, पाऊण तास संगीत वाजलं आणि कट झाला. तेव्हा ती मी कामाला होते त्या वाचनालयात माझ्याकडे आली.

"मशीनवर भरता येतो म्हणे. भर."

मी एकेक प्रश्न वाचत गेले, ती उत्तरं देत गेली. मग आलं: शेवटच्या घटनेच्या दिवशी कामावर न येण्याचं कारण. खाली पाच ओळींची जागा.

"लिही, हरणाचा सोमवार."

"एवढंच?"

"आणखी काय? कोणालाही विचार."

मी तेवढंच लिहिलं. मलाही ते पूर्ण वाटलं. आमच्याकडे पहिलीतल्या पोरालाही त्यापुढे काही विचारावंसं वाटणार नाही. पण अर्ज इथं वाचला जाणार नव्हता. तो खाली शहरात, अडीचशे मैलांवर, कोणा अनोळखी माणसाच्या टेबलावर गेला. तीन आठवड्यांनी निकाल आला: दावेदार शिकारीला जाण्यासाठी कामावर गैरहजर राहिली, ही गोष्ट तिने स्वतः मान्य केली आहे. हे जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन ठरतं. भत्ता नामंजूर.

सोबत कारखान्याने पाठवलेलं निवेदन जोडलं होतं. "सोमवार हा कामाचा दिवस असल्याचं मी सर्वांना सांगितलं होतं. त्या दिवशी सकाळी सहापासून मी स्वतः प्रेसच्या मजल्यावर हजर होतो. बर्नाडीन पेट्रस्का आली नाही, तिचा फोनही आला नाही." खाली डॅरिल एकर्टची सही.

आत्याने ते दोनदा वाचलं. निकाल वाचून ती हसली होती. "मी आणि शिकार? मला गोगलगाय मारवत नाही." निवेदन वाचल्यावर तिने चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"प्रेस्कॉटचं मला काही नाही," ती म्हणाली. "तो परका आहे. कोल्हा कोंबडी नेतो, त्याला काय बोलायचं. पण याला मी सूप वाढलं. त्याच सकाळी."

अपिलाला पंधरा दिवसांची मुदत होती. अर्ज एका पानाचा. अपिलाचं कारण या रकान्यात या वेळी मी पाच ओळी भरून लिहिल्या. ती म्हणाली, "हे ठीक आहे. पण सुरुवातीला लिही, हे खोटं आहे." मी तसं लिहिलं.

काढलेल्या बाकी तिघांनी अपील केलं नाही. एक मुलीकडे ओहायोला गेला, दोघं म्हणाले, सरकारशी कोण भांडणार. आत्या मात्र रोज वाचनालयात यायची. सुनावणीचे नियम तिने माझ्याकडून छापून घेतले आणि शिसपेन्सिलीने खुणा करत वाचले. सुनावणी घेणाऱ्याला इथं रेफरी म्हणतात. दोन्ही बाजूंना शपथ देतात. दावेदाराला वकील नसला तरी चालतो. समोरच्या साक्षीदाराला ती स्वतः प्रश्न विचारू शकते. या वाक्याखाली तिने दोन रेघा ओढल्या.

तारीख फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातली लागली. त्याआधीच्या शनिवारी दुपारी डॅरिल आत्याच्या घरी आला. मी स्वयंपाकघरात होते. त्याने बूट झटकले, पण आत येऊ का असं विचारलं नाही, आणि आत्यानेही म्हटलं नाही. दोघं पडवीत उभी राहिली.

"बर्नी, मी त्या दिवशी आजारी पडतो," तो म्हणाला.

"काय होतंय तुला?"

"होत काही नाही. पडतो म्हणतोय. प्रेस्कॉट एकटा येईल. तो त्या सोमवारी या गावात नव्हताच, त्याने डोळ्यांनी काही पाहिलेलं नाही. माझ्याशिवाय त्यांची बाजू उभी राहत नाही. तुझा भत्ता मोकळा."

"आणि तू सही केलेला कागद?"

"तो पडेल फायलीत. कोण बघतंय?"

"मी बघितला."

बर्फ छपरावरून घसरून पडलं. दोघांनी तिकडे पाहिलं नाही.

"प्रेस्कॉटने टाइप करून आणला, मी फक्त सही केली," डॅरिल म्हणाला. "नसती केली तर पाचवं पत्र मला होतं. पोरीच्या दातांना तारा लावल्यात, बर्नी. विमा कारखान्याचाच आहे."

"तारांचं मला वाईट वाटतं."

"मग?"

"मग तू ये. इस्त्रीचा शर्ट घालून ये. येणार नसशील तर समन्स धाडीन. फुकट मिळतं, मी विचारलंय."

"तुला वेड लागलंय. मी आलो तर मला तेच म्हणावं लागेल. प्रेस्कॉट शेजारी असणार. तू हरशील."

"बघू."

तो गेल्यावर मी तिच्यावर चिडले. भत्ता आयता दारात आला होता. घर तापवायच्या तेलाची टाकी पाव उरली होती आणि घरात एकाच खोलीत शेगडी पेटत होती.

"आत्या, तो घरी राहिला असता तर तू जिंकली असतीस."

"हो."

"आणि आता तो येऊन नीट खोटं बोलला तर?"

"त्याला नीट कधीच काही जमलेलं नाही," ती म्हणाली. "साचा बदलतानासुद्धा त्याच्या मागे उभं राहावं लागायचं." मग हात पुसत म्हणाली, "भत्ता मला हवाय. तो माझा आहे. त्याने हळूच आणून ठेवलेला नकोय. तो चोरासारखा ठेवणार, मी चोरासारखी उचलणार, आणि उद्या गावात भेटलो की हात वर करून हॅलो म्हणणार. नाही जमायचं."

सोमवारी तिने दोन समन्स मागवली. एक डॅरिलला. दुसरं दलाच्या स्पर्धेच्या वहीसाठी, गसच्या नावाने. गस भडकला.

"दलाची वही दलाबाहेर जात नाही, बर्नी. आपल्यातलं आपल्यात मिटव."

"आपल्यातलं आपल्यात राहिलं असतं तर मी तरी कशाला निघाले असते?"

"डॅरिल आपला माणूस आहे."

"मी कोणाची होते, गस?"

 गसने वही कापडात गुंडाळून दिली, कारण कागदावर सरकारी शिक्का होता.

सुनावणी काऊंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, मुख्य गावी, भत्त्याच्या कचेरीतल्या एका लहान खोलीत झाली. टेबल, झेंडा, टेपरेकॉर्डर. रेफरी पन्नाशीच्या बाई होत्या, सर्दी झालेल्या. प्रेस्कॉट फाइल घेऊन आला होता. डॅरिलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी भिंतीला लागून बसले. सगळ्यांनी शपथ घेतली.

कारखान्याची बाजू आधी. डॅरिलने टेबलाकडे पाहत सांगितलं, निवेदनात होतं तसंच, शब्दाला शब्द. आत्याला वाटलं होतं तसा तो अडखळला नाही.  रेफरींनी लिहून घेतलं आणि विचारलं, "मिसेस पेट्रस्का, साक्षीदाराला काही विचारायचंय?"

"थोडंसं," आत्या म्हणाली. तिने हात टेबलावर ठेवले, काळ्या रेषा वर करून. "डॅरिल, सोमवारी सहाला तू मजल्यावर होतास."

"हो."

"किती वाजेपर्यंत?"

"अडीच. पाळी संपेपर्यंत."

"मधे कुठे गेला नाहीस? जेवायला वगैरे?"

"नाही."

"बरं." तिने कापड सोडलं, वही उघडली आणि रेफरींच्या पुढे सरकवली. रेफरींनी ओळ वाचली. 'आठ फाटे' इथे त्यांच्या भुवया किंचित वर गेल्या; त्याही याच डोंगरातल्या होत्या. आत्याने डॅरिलला विचारलं, "ही सही तुझी आहे?"

डॅरिलने वही पाहिली. "हो."

"हरीण तुझं?"

"याचा इथे काय संबंध?" प्रेस्कॉट म्हणाला.

"उत्तर द्या," रेफरी म्हणाल्या.

"माझंच आहे," डॅरिल म्हणाला.

"वहीत लिहिलंय, सोमवार, सकाळी आठ चाळीस. तेव्हा तू कारखान्यात होतास म्हणतोस. मग ते दुसऱ्या कोणी आणून तोललं असेल. सही तू नंतर केली असशील. होतं असं कधी कधी." आत्याचा आवाज अगदी मऊ होता. नव्या पोराला प्रेस समजावताना ती असंच बोलायची. "पण हरीण सोमवारी सहानंतर तू मारलेलं नाहीस. सहाच्या आधी तर काळोख. म्हणजे आदल्या दिवशीच मारलं असणार. रविवारी मारलंस का, डॅरिल?"

डॅरिलने पहिल्यांदाच तिच्याकडे पाहिलं.

रविवारी शिकारीला बंदी होती. रविवारी, त्यातही मोसम उघडायच्या आधी, हरीण मारणाऱ्याला आमच्याकडे चोर म्हणतात. परवाना जातो, बंदूक जप्त होते, आणि नाव छापून येतं त्याच साप्ताहिकात, जिथं दोन महिन्यांपूर्वी डॅरिलचा शिंगं धरलेला फोटो आला होता. त्याचा बाप आणि आजोबा दोघंही त्या साप्ताहिकात शिंगं धरून उभे होते.

"रविवारी नाही," डॅरिल म्हणाला.

"मग?"

"मी रविवारी कधी बंदुकीला हात लावला नाही. आमच्या घरात कोणीच नाही. तुला माहीत आहे ते, बर्नी."

"मला माहीत आहे. यांना सांग."

"सोमवारी मारलं. सात वाजून दहा मिनिटांनी, बीच रिजच्या डोंगरधारेवर. एका गोळीत." हे बोलताना त्याची पाठ ताठ झाली, मान वर आली. क्षणभर तो फोटोतल्यासारखा दिसला. मग आपण काय बोललो ते त्याला कळलं. लाली कानापासून उतरत मानेपर्यंत गेली.

प्रेस्कॉटला अजून काही उमगलं नव्हतं. तो डॅरिलकडे झुकून कुजबुजला, "म्हणजे काय?"

"मिस्टर एकर्ट," रेफरींनी नाक पुसलं, "तुम्ही शपथेवर आहात. सोमवारी सकाळी सहा वाजता तुम्ही कुठे होतात?"

"झाडावर. मचाणावर."

"कारखाना चालू होता?"

"मला माहीत नाही. मी गेलो नाही. कोणीच जात नाही."

"मिसेस पेट्रस्कांनी तुम्हाला आधी विचारलं होतं?"

"हो."

"तुम्ही काय सांगितलंत?"

"येतंय कोण, असं म्हणालो."

रेफरींनी पेन खाली ठेवलं. "मला पुरेसं आहे. मिसेस पेट्रस्का, आणखी काही?"

मी मनात म्हटलं, नाही म्हण. खटला तिच्या हातात होता. डॅरिल टेबलाच्या कडेला अंगठ्याने घासत होता, जणू तिथं काही सांडलं होतं.

"एक प्रश्न," आत्या म्हणाली.

"त्याची गरज नाही."

"मला आहे." ती डॅरिलकडे वळली. "पावणेनऊला हॉलमध्ये तुला सूप कोणी वाढलं?"

रेफरींनी तिला थांबवलं नाही. डॅरिल एवढ्या हळू बोलला की रेफरींनी टेपसाठी मोठ्याने बोला म्हटलं, आणि त्याला ते पुन्हा म्हणावं लागलं.

"बर्नीने."

परतताना गाडी मी चालवली. नदी गोठलेली होती, कडेला राखाडी, वाळके बोरू. आत्याने तोंड पलीकडे वळवलं होतं. मला वाटलं ती रडते आहे. पाहिलं तर ती खिडकीबाहेर बघत बारीक हसत होती, आणि ते हसू मला आवडलं नाही.

"त्याची नोकरी जाणार," मी म्हणाले.

"जाणार."

"पोरगी बारा वर्षांची आहे."

"मी तिला जवळजवळ आजीच होते. मला नको सांगूस." काही मैलांनंतर ती म्हणाली, "तू हळवी आहेस. असावं. तुझ्या वयात मीही होते."

अठरा दिवसांनी निकाल आला. जाणूनबुजून केलेलं गैरवर्तन सिद्ध झालेलं नाही. आधीचा निर्णय रद्द. भत्ता पहिल्या आठवड्यापासून मंजूर. तिने ते वाक्य माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं, मग स्वतः वाचलं. डॅरिलला त्याआधीच काढलं होतं, खोटी साक्ष दिली म्हणून. ती साक्ष टाइप करणाऱ्या प्रेस्कॉटला कंपनीने दुसऱ्या राज्यात मोठ्या जागेवर पाठवलं.  त्याच्यापर्यंत आत्याचा हात पोचला नव्हता, आणि पोचणार नव्हता.

निकालानंतर वही परत करायला आम्ही हॉलमध्ये गेलो. तिथं चारपाच जण पत्ते खेळत होते. कोणी वर पाहिलं नाही. गसने वही कपाटात ठेवली, किल्ली फिरवली.

"डॅरिल आला होता," तो म्हणाला. "दलातून नाव काढून घेतलं त्याने. सतरा वर्षं दलात असलेला गडी. म्हणाला, तिने मला घरी राहू दिलं असतं तर दोघांचंही भागलं असतं."

"खरं आहे ते."

"तुला माहीत होतं?"

"पडवीत उभं राहून सांगितलं त्याने."

 पत्ते थांबले होते.

"मग कशासाठी, बर्नी? पैसे तर तुला मिळतच होते."

"पैसे मिळाले," आत्या म्हणाली. "हे वेगळं होतं."

तिने कोटाची बटणं लावली, सगळ्यांत वरचंसुद्धा, आणि पत्ते खेळणाऱ्यांच्या मधून, कोणाला वळसा न घालता, दाराकडे गेली.